फ्यूजच्या जागी तार घालणारे नकोत, दुरुस्ती शिकवा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं तेव्हा आम्हा वाजवणाऱ्यांना लै आनंद झाला. पण त्याच मिरजेत विजेवरची जुनी वाद्यं आणि अ‍ॅम्प (गिटारचा आवाज मोठा करणारी पेटी) जिवंत ठेवणारे दोन-चार म्हातारे कारागीर आहेत त्यांचं नाव कुणी काढत नाही, म्हणून हे पत्र.

माझ्या थोरल्या भावाचा ऑर्केस्ट्रा होता, त्यातला सत्तरच्या दशकातला अमेरिकन गिटार अ‍ॅम्प आमच्याकडं आहे, हायब्रिड, म्हणजे पुढं टोन-व्हॉल्यूमचा भाग आयसीवर (छोट्या चिपवर) आणि मागं पॉवरचा भाग व्हॉल्व्हवर (जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांवर). गिटार आणि अ‍ॅम्प बनवणारे प्रसिद्ध लिओ फेंडर ज्यात होते त्या म्युझिक मॅन कंपनीनं त्या काळात असे अ‍ॅम्प काढले, हा त्याच धाटणीचा. 2019 च्या महापुरात माळ्यावर होता म्हणून वाचला. पण गेल्या वर्षी लावला तर गिटार कमी आणि घूंऽऽ जास्त, मग फ्यूजच उडायला लागला. सांगलीत एकानं सांगितलं भंगारात घाला नवीन घ्या, आणि दुसऱ्यानं फ्यूजच्या जागी चक्क जाड तांब्याची तार घालून दिली! घरी आणून लावला नाही हे नशीब, कारण आतला आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळला असता तर तो आणायचा कुठनं?

शेवटी मिरजेच्या एका चाचांकडं गेलो, जन्मभर रेडिओ दुरुस्त केलेला माणूस. त्यांनी पहिली ती तार काढून माझ्या हातात दिली. मग प्लग काढलेला असूनसुद्धा कपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे भाग) रेझिस्टर लावून डिस्चार्ज केले आणि मीटर लावून खात्री केली, कारण असल्या अ‍ॅम्पात सातशे व्होल्टपर्यंत असतात आणि ते बंद केल्यावरही आत साठून राहतात. नवीन फ्यूज घातला, अमेरिकन अ‍ॅम्प म्हणून 110 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावला, आणि सिरीज बोर्डवर, म्हणजे वीज बल्बातनंच अ‍ॅम्पला जाईल अशा जोडणीवर, शंभर वॅटचा बल्ब घेऊन चालू केला, बल्ब फुल पेटला म्हणजे आत शॉर्ट. बंद करून व्हॉल्व्ह काढले, परत लावलं तर बल्ब मंद. एक व्हॉल्व्ह आतनं शॉर्ट होता आणि जाताना त्याच्या मागचा ट्रान्झिस्टर घेऊन गेला होता. घूंऽऽ आवाज वेगळाच, तो विजेतली घरघर गाळणाऱ्या फिल्टर कपॅसिटरचा, चाळीस-पन्नास वर्षांत आतनं वाळलेले, एकाचं बूड फुगून वर आलेलं मला बोट लावून दाखवलं. व्हॉल्व्हची जोडी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरनं मागवली, तीन रविवार गेले, सगळ्यात शेवटी स्पीकर जोडलाय ना हे दोनदा बघून बायस, म्हणजे व्हॉल्व्हमधनं सतत वाहणारा करंट, सेट केला. आता भाऊ रोज संध्याकाळी वाजवत बसतो.

चाचांचं वय पंच्याहत्तरच्या पुढं, हात थरथरतो, सोल्डरिंग आता नातू करतो पण तो बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. आपल्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक मेकॅनिकचा ट्रेड आहे की, तिथल्या पोरांना अशा माणसांसमोर वर्षातनं पंधरा दिवस तरी बसवा, मानधन द्या, सिरीज बोर्ड आणि मीटर हातात घेऊन शिकू देत. आणि आपल्या पेपरनं सांगली-मिरजेतल्या अशा कारागिरांवर दर आठवड्याला एक छोटं सदर चालू करावं ही मनापासून विनंती. चाचांना विचारलंय, ते यायला तयार आहेत, फक्त जिना नको म्हणाले.

आपला,
एक वाचक, सांगली