बंद घरांमागचे रातांबे

महोदय,

आमच्या वाडीत तेवीस घरं. त्यातल्या नऊ घरांना गणपती आणि मे महिन्यातले चार दिवस सोडले तर वर्षभर कुलूप. माणसं मुंबई-डोंबिवलीला. रातांब्याच्या (म्हणजे कोकमाच्या) झाडांना मात्र कुलपाचं काही नसतं. एप्रिल संपता संपता ती लाल होतात आणि मे सरेपर्यंत खाली नुसता चिखल, त्यावर माश्या.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका परड्यातून मी दोन टोपल्या रातांबे आणले. पडलेलेच, झाडाला हात लावला नव्हता. गणपतीत ती मंडळी आली आणि आरती झाल्यावर विषय निघाला, ‘आमचे रातांबे कोणी नेले?’ मी घरून सोलांचा (शहरात आमसुलं म्हणतात) डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. पण या वयात चोर ठरल्यासारखं वाटलं ते वाटलंच.

तेव्हापासून मी पाडव्यालाच फोन करून विचारून ठेवते. शेजारच्या घरातला मुलगा म्हणाला, “काकी, घेवा ना! इचारतास कित्याक?” विचारते बाबा, कारण आहे.

सोलं करणं कष्टाचं असलं तरी अवघड नाही. झाडाखाली जुनी लुगडी अंथरून फांद्या हलवायच्या, हुमले (लाल मुंग्या) चावतात ते सोसायचे. रातांबा फोडून बिया-गर वेगळा काढायचा, त्यावर मीठ घालायचं. सुटलेल्या रसात साली बुडवायच्या, उन्हात घालायच्या, संध्याकाळी पुन्हा रसात. अशी पाच-सहा पुटं दिली की साल काळी, लवचीक होते आणि बोटांना चिकटते. बोटं पुढे आठवडाभर जांभळी राहतात. मीठ घालून बाटलीत भरला तो रस म्हणजे आगळ. सालींत साखर भरून बरणी उन्हात ठेवली की सरबताचा पाक. हॉटेलात सरबत म्हणून लाल पाणी देतात त्याच्याशी याचं नातं नाही. बियासुद्धा टाकायच्या नाहीत. वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं; थंडीत टाचांच्या भेगांना त्याच्यासारखं औषध मला तरी ठाऊक नाही.

सगळा खेळ उन्हाचा. २०२५ मध्ये पाऊस मेमध्येच सुरू झाला, २५ तारखेला तर मान्सून तळकोकणात पोचल्याचं जाहीर झालं. माझ्या दोन सुपं साली पुरी पुटं लागायच्या आत बुरसल्या. म्हणून परवानगीसाठी फोनाफोनी मेमध्ये करून भागत नाही.

आपला पेपर मुंबईतही वाचला जातो, म्हणून चाकरमान्यांना सांगणं एवढंच: झाडं कोणाला तरी सांगून ठेवा. रातांबेच नव्हे, फणससुद्धा. पैसे नकोत. मी तिसरा वाटा सोलांच्या रूपात बाजूला काढते. मालक गणपतीला आला की डबा तयार असतो.

त्या पहिल्या घरी मात्र मी अजून फोन केलेला नाही. हे पत्र त्यांच्या वाचनात आलं तर त्यांनीच करावा. नंबर आहे त्यांच्याकडे.

— एक वाचक, ता. कुडाळ, जि. सिंधुदुर्ग