पोर्ट सैदच्या बंबुतीची गोष्ट

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज बघितला रे, पण नेट नव्हतं आणि जे सांगायचंय ते चार ओळीत मावणारं नाही, म्हणून बसून पत्रच लिहितोय, रेंज आली की पाठवतो.

परवा सुएझ कॅनॉल क्रॉस केला. तिथे दरवेळी कॅनॉलचे बोटवाले जहाजावर येतात, त्यांची होडी क्रेनने वर उचलून घ्यायची आणि त्यांना एक केबिन द्यायची. मग ते त्या पॅसेजमध्ये दुकानच मांडतात, पपायरस, पितळेचे पिरॅमिड, मोबाईल चार्जर, काय वाट्टेल ते. या धंद्याला तिकडे बंबुती म्हणतात, मूळ शब्द इंग्रजांचा बंबोट, म्हणजे जहाजांना माल विकणारी होडी. बंबुती नावाचा नाचसुद्धा आहे, होडीतून माल विकणाऱ्यांच्या हालचालींचा!

वॉच, म्हणजे माझी ड्युटी, संपवून वर आलो तर त्यातला एक पंचावन्नचा गडी चहाच्या ग्लासवर चमचा वाजवत गुणगुणत होता. मी विचारलं काय गातोस, तर त्याने मोबाईलवर मामाचा व्हिडिओ लावला. मामाच्या मांडीवर सिमसिमिया, म्हणजे तिकडचं तारवाद्य. खाली पेटी, वर दोन दांडे फाकलेले, आडवी काठी आणि त्यावरून ताणलेल्या पोलादी तारा. गंमत वाजवण्यात आहे बघ, उजवा हात सगळ्या तारांवरून सरसकट फिरतो आणि डावी बोटं नको त्या तारा दाबून गप्प करतात, म्हणजे जी मोकळी सुटते तीच बोलते. मी तो व्हिडिओ तीनदा बघितला.

हा गडी पोर्ट सैदचा, पण जन्म नाईलच्या डेल्टातल्या कुठल्यातरी खेड्यातला. 1967 च्या इस्रायलबरोबरच्या युद्धानंतर कॅनॉलच्या काठावर समोरासमोर तोफा लागल्या आणि सरकारने पोर्ट सैद, इस्माइलिया, सुएझ ही तिन्ही शहरं जवळपास रिकामी केली, लाखो माणसं उठवली. याला ते तहजीर म्हणतात. त्याची आई नवी नवरी होती तेव्हा, परक्याच्या घरात एका खोलीत सात वर्षं काढली. रात्री बायका-माणसं जमायची आणि गाणी म्हणायची, विजयाची वगैरे नाही, आपली गल्ली, आपलं दार, समुद्र. कैरो रेडिओवर देशभक्तीची गाणी दणक्यात चालू होती, पण आईला ती आठवत नाहीत म्हणाला.

सुएझमध्ये मात्र थोडे लोक मागे राहिले होते. तिथे कॅप्टन गझाली म्हणून एक होता, कॅप्टन म्हणजे लष्करातला नव्हे रे, खेळामुळे मिळालेलं नाव. त्याने ‘विलाद अल-अर्द’ म्हणजे मातीची पोरं असा ग्रुप काढला आणि बॉम्ब पडत असताना सैनिकांसमोर सिमसिमियावर गायले ते. भावांची हाडं गोळा करू, त्यांना धार लावून तोफा करू, असं एक गाणं आहे. ऐकून अंगावर काटा आला, आणि खरं सांगू, थोडी भीतीपण वाटली.

कैरोत पुढच्या, 1973 च्या ऑक्टोबर युद्धाचं पॅनोरमा म्युझियम आहे, 1989 मध्ये उघडलेलं, उत्तर कोरियाच्या मदतीने बांधलेलं, खुर्च्यांसकट प्रेक्षक गोल फिरतात. मी एकदा गेलोय. भव्य आहे, पण त्यात या गड्याच्या आईची ती खोली कुठेच नाही.

आणि हा बघ उलटा न्याय, युद्धात वाद्य टिकलं आणि शांततेत मरायला टेकलं. 1975 ला कॅनॉल परत उघडला, पोर्ट सैदला फ्री झोन, म्हणजे जकातमुक्त बाजार झाला, पैसा आला आणि सिमसिमिया लग्नातल्या कीबोर्डमागे गेली. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी झकारिया इब्राहिम नावाच्या माणसाने म्हातारे गायक एकेक करून शोधले, त्यातले काही गाणं सोडून बसले होते, आणि ‘अल तनबूरा’ ग्रुप उभा केला. 2024 मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीतही सिमसिमियाचं नाव लागलं.

आता तुझ्या कामाचं ऐक. पोर्ट सैदला वसंतातल्या शाम अल-नसीम या सणाच्या आदल्या रात्री चिंध्या-पेंढ्याचा मोठा बाहुला करून जाळायची रीत आहे. नाव लिंबी! हा लिंबी म्हणजे इंग्रजांचा हायकमिशनर अ‍ॅलनबी, 1925 पर्यंत इजिप्तमध्ये होता तो. पुढे 1956 ला इजिप्तचा अध्यक्ष नासरने कॅनॉल ताब्यात घेतला आणि इंग्रज-फ्रेंच फौजा पोर्ट सैदला उतरल्या, तेव्हापासून बाहुल्याला इंग्रजांच्या पंतप्रधान ईडनचं तोंड आलं, मग ज्या वर्षी ज्याचा राग त्याचं तोंड. मी ओरडलोच, अरे ही तर आमच्या नागपूरची मारबत! मिरवणुकीतून नेऊन जाळायचे काळी-पिवळी मारबतीचे पुतळे, टोमणे मारणारे बडगे, सगळं हातवारे करून सांगितलं, भोसल्यांची राणी बाकाबाई इंग्रजांना मिळाली म्हणून काळी मारबत हेही सांगितलं, आणि ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ म्हणून दाखवलं. त्याने लगेच चमच्याने ठेका धरला, पॅसेजमध्ये आमचा सेकंड इंजिनिअर उठून बघायला आला काय चाललंय!

उतरताना त्याने पितळेचा पिरॅमिड मला दुप्पट भावात विकला, तो भाग वेगळा. पण माझा नंबर घेऊन गेलाय आणि बडग्यांचे फोटो मागितलेत. तान्ह्या पोळ्याला जाशील ना, चांगले दहा-बारा काढून पाठव, आणि कोणता बडग्या कोणावर आहे ते खाली लिही, तो विचारणार.

तुझा,
पक्या