डाळिंबाच्या रोपाची ओळख डीएनएवरून पटावी

संपादक महोदय,
स. न.

लागवडीचे दिवस आले की सांगोला, पंढरपूर, मंगळवेढा भागात ‘तेल्यामुक्त’ डाळिंब रोपांची चर्चा सुरू होते. तेल्या हा डाळिंबाच्या पानाफळांवर तेलकट ठिपके पाडणारा जिवाणूजन्य रोग. पुष्कळदा अशा दाव्याला आधार असतो तो एवढाच, की रोप टिश्यू कल्चरचे, म्हणजे प्रयोगशाळेत झाडाच्या छोट्या तुकड्यापासून वाढवलेले आहे. टिश्यू कल्चरचे रोप रोगमुक्त असते, रोगप्रतिकारक नसते. प्रयोगशाळेतून निघताना त्यात तेल्याचा जिवाणू नसतो, पण जनुके शेजारच्या बागेतल्या ‘भगवा’ या नेहमीच्या वाणाचीच असतात. वाऱ्यापावसात रोगट फळावरचे शिंतोडे उडाले की त्याच्याही पानाफळांवर तेलकट ठिपके येतात. अर्थात रोगट झाडाच्या गुटीपेक्षा (झाडावरच फांदीला मुळे फोडून केलेल्या रोपापेक्षा) ते केव्हाही बरे, कारण गुटीबरोबर जिवाणू पहिल्याच दिवशी बागेत येतो.

मुळात आपल्या डाळिंबाची वंशावळ फार अरुंद आहे. १९३६ साली पुण्याच्या गणेशखिंडीत फळशास्त्रज्ञ डॉ. चीमा यांनी ‘आळंदी’ वाणाच्या रोपांतून मऊ बियांचे झाड निवडले. त्यालाच १९७० मध्ये ‘गणेश’ हे नाव मिळाले. पुढे ‘गणेश’ आणि ‘गुल-ए-शाह रेड’ यांच्या संकरातून मृदुला, आरक्ता आणि भगवा आले. आज जिल्ह्यात बव्हंशी भगवाच आहे आणि तो गुटीने वाढवलेला आहे. म्हणजे हजारो एकरांवरची झाडे आनुवंशिक दृष्टीने जवळजवळ एकच झाड आहेत. जो जिवाणू एका झाडावर मात करतो, त्याला पुढच्या झाडावर वेगळे काही करावे लागत नाही.

प्रतिकारक वाण करायचा तर बाहेरून जनुके आणावी लागतात. हिमालयातला जंगली ‘दारू’ आणि बुटका ‘नाना’ हे त्यासाठी पाहिले गेलेले प्रकार. पण दारूबरोबर आंबटपणा आणि टणक बीही येते. म्हणून आलेल्या संकरित झाडाचा पुन्हा पुन्हा भगव्याशी संकर करावा लागतो. संकर करताना उद्या उमलेल अशी फुगीर कळी घ्यायची, तीही घागरीसारख्या गोल बुडाची. घंटेसारखी निमुळती कळी नराची असते, ती गळून जाते. कळीचे टोक छाटून चिमट्याने सगळे पुंकेसर काढायचे, बटर पेपरची पिशवी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाचे ताजे पराग स्त्रीकेसराच्या टोकावर लावून पुन्हा पिशवी चढवायची. पुंकेसर शेकड्यांनी असतात. त्यातला एखादा राहिला तरी फूल स्वतःच्याच परागाने फळते, आणि संकरित समजून वाढवलेले रोप निव्वळ आईचे निघते. म्हणून रोप चार पानांचे झाले की डीएनए चाचणी करतात. ज्या खुणा दोन्ही पालकांत वेगळ्या आहेत, त्या प्रत्येक ठिकाणी एक खूण आईची आणि एक बापाची दिसली तरच ते रोप ठेवायचे.

यानंतरची तेल्याची परीक्षा सोलापूरच्या हवेत विशेष फसवी ठरते. जिवाणूचे द्रावण पानाच्या खालच्या बाजूला फवारून रोपे प्लास्टिकखाली दमट ठेवावी लागतात. कोरड्या उन्हाळ्यात ओल टिकली नाही तर रोग लागतच नाही आणि सगळीच रोपे प्रतिकारक भासतात. अशा वेळी प्रत्येक खेपेला शेजारी भगव्याची रोपे ठेवायची. त्यांच्यावर ठिपके आले नाहीत तर ती खेप बाद समजायची. ‘आमच्या रोपावर तेल्या आला नाही’ असे सांगणाऱ्याला म्हणूनच विचारावे, शेजारच्या भगव्यावर आला होता का?

फळ पिकायला सुमारे सहा महिने, बियांपासून वाढलेले झाड फुलायला दोन-तीन वर्षे, मग निदान तीन बहार पाहणे, गुटी बांधून वेगवेगळ्या तालुक्यांत चाचण्या. भगव्याशी उलट संकर करण्याच्या पिढ्या धरल्या तर पंधरा वर्षे सहज जातात. केगावच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राची स्थापना २००५ ची. तिथे तयार झालेला ‘सोलापूर लाल’ हा भगवा, गणेश, नाना आणि दारू या चौघांच्या रक्ताचा. लोह, जस्त आणि ‘क’ जीवनसत्त्व वाढवलेला हा वाण २०१७ मध्ये आला. अशा कामाला दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पाचा निधी पुरत नाही. मध्येच पाणी तुटले आणि संकरित रोपांची ओळ वाळली, तर तो संकर पहिल्या कळीपासून करावा लागतो.

नवा वाण येईपर्यंत एक गोष्ट मात्र लगेच करता येईल. १९६९ च्या फळ रोपवाटिका कायद्याखाली परवाना देताना आणि त्याचे नूतनीकरण करताना मातृवृक्षांची, म्हणजे ज्या झाडांपासून रोपे तयार करतात त्यांची, डीएनए तपासणी सक्तीची करावी. आज भगवाच शेंदरी, अष्टगंधा, मस्तानी, जय महाराष्ट्र, रेड डायना अशा नावांनी विकला जातो, आणि नवे नाव ऐकून शेतकरी जादा दर मोजतो. तपासणीसाठी झाड उपटावे लागत नाही. नव्या फुटीची तांबूस, कोवळी पाच-सहा पाने पुरतात. ती कागदी पाकिटात घालून, पानांच्या दहापट वजनाच्या सिलिका जेलबरोबर बंद डब्यात ठेवून पाठवावीत. जुनी पाने नकोत. त्यांत टॅनिन फार असते, अर्क तपकिरी होतो आणि डीएनएच्या प्रती वाढवणारी पुढची पीसीआर चाचणी फसते. कोवळ्या पानांसाठीसुद्धा प्रयोगशाळेत अर्क तपकिरी होऊ न देणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही रसायने घालावीच लागतात.

या तपासणीची मर्यादाही सांगितली पाहिजे. दहा-वीस एसएसआर खुणांनी (डीएनएतल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांनी) भगवा आणि गणेश सहज वेगळे ओळखता येतात, पण भगव्याच्याच फांदीवर बदल होऊन निघालेला प्रकार त्यात पकडता येईलच असे नाही. अशा प्रकाराला नवे नाव द्यायचे असेल, तर विक्रेत्याने मूळ भगव्याशेजारी लावून घेतलेल्या निदान तीन बहारांच्या नोंदी दाखवाव्यात.

रोपाच्या पावतीवर मातृवृक्षाचा क्रमांक आणि तपासणीची तारीख छापण्याचा आदेश कृषी विभागाने येत्या लागवडीपूर्वी काढावा, ही विनंती. गुटी बांधायच्या आधी झाडावर तेल्या आणि मर (झाड वाळवणारा रोग) नसल्याची नोंदही त्याच पावतीवर असावी.

आपले,
फळझाडांच्या आनुवंशिकीचे काही अभ्यासक,
सोलापूर