स्प्रिंग नंतर, आधी रबर

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या युवा पुरवणीत स्वस्तातल्या एअरसॉफ्ट बंदुकांवर आलेला लेख वाचला. शिक्षणासाठी, नोकरीसाठी इंग्लंड-जर्मनीत गेलेल्या मराठी मुलांना शनिवार-रविवारच्या या खेळाची गोडी लागते, हे लेखात बरोबर टिपले आहे. पण ‘बंदूक घेतली की पहिल्यांदा जोरकस स्प्रिंग टाका, पल्ला वाढतो’ हा त्यातला सल्ला वाचून गप्प बसवेना. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातला हा प्रकार आहे. शिवाय इंग्लंडात त्यातून कायद्याचे लचांड मागे लागते, ते वेगळेच.

खेळ ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. प्लास्टिकचे छर्रे एकमेकांवर झाडायची ही लुटुपुटूची लढाई. नळी सहा मिलिमीटरहून जराशी मोठी आणि त्यातून सुटणारा प्लास्टिकचा छर्रा ५.९५ मिमीचा. बॅटरीवरची मोटर तीन गिअर फिरवते, गिअर पिस्टनला मागे ओढून स्प्रिंग दाबतात, पिस्टन सुटला की सिलिंडरमधली हवा छऱ्याला ढकलते. तोक्यो मारुई या जपानी कंपनीने १९९१ मध्ये अशी पहिली बंदूक, फामास, बाजारात आणली. आजच्या चिनी बनावटीच्या स्वस्त बंदुका त्याच घराण्यातल्या. त्यामुळे एकीचे रबर दुसरीला बसते आणि मोडलेल्या पिस्टनसाठी अख्खी बंदूक फेकावी लागत नाही. उदाहरणादाखल सायमाची सीएम ०२८ घेऊ. एके-४७ ची ही प्रतिकृती बाहेरून प्लास्टिकची आहे, पण आतला ‘व्हर्जन ३’ गिअरबॉक्स, म्हणजे गिअर-पिस्टनची पेटी, धातूचा आहे. इंग्लंडात ती शंभर-सव्वाशे पौंडांच्या घरात मिळते आणि नवख्याची पहिली बंदूक बहुधा हीच असते.

आता स्प्रिंगचा हिशेब. कारखान्यातून आलेली बंदूक ०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १०० मीटरने फेकते, म्हणजे एक ज्यूल. छऱ्याला फिरकी अजिबात नाही असे धरा, खांद्याच्या उंचीवरून आडवा मारा, हवेचा विरोध हिशेबात घ्या. तो साधारण ३० मीटरवर जमिनीला टेकतो. एम १२० ही जोरकस स्प्रिंग घालून वेग सेकंदाला १२० मीटर केला, तर ऊर्जा १.४४ ज्यूल होते आणि अंतर ३३ मीटर. ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढवून हाती आले तीन मीटर! हलका छर्रा जितका वेगाने सोडाल तितकी हवा त्याला अडवते, हे त्याचे कारण. पल्ला खरा मिळतो तो हॉप-अपमधून. नळीच्या सुरुवातीला वरच्या बाजूने रबराचा उंचवटा छऱ्याला घासतो, त्यामुळे छर्रा उलट्या फिरकीने सुटतो आणि हवेत उचलून धरला जातो. त्याच एक ज्यूलमध्ये, हॉप-अप नीट लागले आणि छर्रा ०.२५ किंवा ०.२८ ग्रॅमचा घेतला, तर ४५-५० मीटरपर्यंत सरळ मारा होतो. दहा पौंडांच्या आतले रबर हे काम करते.

परीक्षणांबद्दलही एक तक्रार आहे. आंतरजालावरचे बहुतेक परीक्षक वेगाचा सर्वात मोठा आकडा सांगतात आणि खूश होतात. आकडा दहा बारांचा हवा. हॉप-अप पूर्ण बंद, ०.२० ग्रॅमचे छर्रे, क्रोनोग्राफसमोर, म्हणजे वेगमापकासमोर, लागोपाठ दहा बार, आणि सर्वात जलद व सर्वात संथ बारातला फरक. सरासरी ९९ आली तरी एक ९४ आणि दुसरा १०३ असेल तर ती बंदूक हवा गळते आहे. चाळीस मीटरवर तिचा एक छर्रा डोक्यावरून जाईल आणि दुसरा पायाशी पडेल. हवाबंद झालेल्या बंदुकीत हा फरक दोन मीटरच्या आत येतो. परीक्षण वाचताना हा आकडा शोधावा. तो नसेल तर उरलेला मजकूर खोक्याच्या वर्णनाइतकाच कामाचा.

सुधारणा नळी पुसण्यापासून सुरू होते, आणि तिला पैसे लागत नाहीत. कारखान्यातून नळीत तेल येते, ते रबरावर गेले की फिरकी घसरते. हॉप-अप बंद करावे, बंदुकीसोबत आलेल्या सळईच्या भोकातून धागे न सुटणाऱ्या सुती कापडाची पट्टी ओवावी, तिला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून तोंडाच्या बाजूने घालावी. पट्टी स्वच्छ येईपर्यंत तीन-चार वेळा, शेवटी एकदा कोरडी. मग शे-दोनशे छर्रे झाडून वेग मोजावा. दिवाळीच्या फटाक्यांच्या बंदुकीला लावतात तसे मशीनचे तेल नळीत कदापि सोडू नये.

मग रबर. नळी बाहेर काढली की टोकाला टोपीसारखे रबर दिसते. आतल्या बाजूची त्याची उभी रेघ नळीच्या खाचेत बरोबर बसायला हवी. एक मिलिमीटर तिरकी गेली तर छर्रे सगळेच्या सगळे डावीकडे किंवा उजवीकडे वळतात, आणि माणूस बिचारा नेम धरायची साइट फिरवत बसतो. एक ज्यूलसाठी ५० किंवा ६० अंश कडकपणाचे रबर पुरते. थंडीत खेळणार असाल तर ५० घ्या, कडक रबर गारठले की पकड सोडते. रबराच्या मागच्या कडेवर नळकामाचा पांढरा टेफलॉन टेप एक, फार तर दोन वेढे गुंडाळावा. खिडकीवर, म्हणजे जिथून उंचवटा आत दाबला जातो तिथे, टेप येऊ देऊ नये. चार-पाच वेढे दिले की रबर आवळले जाते, छर्रा आत शिरत नाही, आणि छर्रा आत ढकलणारे तोंड, म्हणजे नोझल, दोन-दोन छर्रे कोंबायला लागते. रबर दाबणारा ‘नब’ कारखान्याचा गोल असतो. त्याऐवजी सपाट तळाचा घातला तर छऱ्याला जास्त लांबीवर पकड मिळते आणि मारा एकसारखा होतो.

या बंदुकीची एक खोड इथेच सांगतो. बाजूचा नकली बोल्ट मागे ओढला की हॉप-अपची छोटी सरकपट्टी दिसते. ती इतकी सैल असते की गोळीबाराच्या थरथरीने हळूहळू मागे येते. सकाळी नीट लावलेली बंदूक दुपारी छर्रे पायाशी टाकते, आणि मालक बॅटरीला दोष देतो. नळी बाहेर असतानाच सरकपट्टीखाली कापडी चिकटपट्टीचा नखाएवढा तुकडा लावावा. पट्टी हलवायला अंगठ्याचा जोर लागला पाहिजे, इतपतच घट्ट.

यानंतरच गिअरबॉक्स. मोटर काढली की खालून तिला लागून असलेला बेव्हल गिअर दिसतो. त्याला अडवून धरणारी अँटी-रिव्हर्सल कळ बारीक पेचकसाने सोडवून स्प्रिंगचा ताण आधी उतरवावा. डोळ्यांवर चष्मा हवाच. पेटी उघडताना मागच्या स्प्रिंग-गाइडमध्ये ॲलन की घालून दाबून धरावी, नाहीतर स्प्रिंग छताला लागते आणि त्या कळीची केसाएवढी स्प्रिंग गालिच्यात हरवते. उघडण्याआधी आणि प्रत्येक थरानंतर फोनवर फोटो काढून ठेवावेत.

आत पाहायच्या गोष्टी मोजक्या. सिलिंडरच्या तोंडाशी बोट लावून पिस्टन ढकला. हवा अडली पाहिजे. अडली नाही तर गळती कुठली, ते भाग वेगवेगळे करून शोधावे. पिस्टनच्या डोक्यावरचे ओ-रिंग, म्हणजे रबरी कडे, सिलिंडरला सैल असेल तर ताणून किंवा बदलून बसवावे आणि सिलिकॉन ग्रीसचा जेमतेम चमकेल इतका थर द्यावा. सिलिंडर-हेडची, म्हणजे सिलिंडरच्या पुढच्या झाकणाची, गळती ओ-रिंगखाली टेफलॉन टेपचा एक वेढा दिला की थांबते. ग्रीसचा मारा करू नये. जास्तीचे ग्रीस फिरत्या गिअरवरून उडून ट्रिगरच्या संपर्कपट्ट्यांवर बसते, मग चाप दाबला की कधी बार, कधी नुसती टिचकी. गिअरना लिथियम ग्रीस, सिलिंडरला सिलिकॉन, आणि हॉप-अपला काहीच नाही, एवढे लक्षात ठेवले की पुरे.

आवाज कर्कश असेल तर गिअर बसवण्यात गडबड आहे. गिअरच्या आसांवर ०.१, ०.१५, ०.२ आणि ०.३ मिमीच्या चकत्या, म्हणजे शिम, घालून पेटी मिटल्यावर बारीकशी, साधारण ०.१ मिमीची, ढील ठेवायची. बेव्हल गिअरपासून सुरुवात करावी, कारण त्याची मोटरशी गाठ असते. उरलेले त्याच्या मानाने लावायचे. पेटी मिटवून बोटाने गिअर फिरवला तर तो सहज फिरावा, अडखळू नये. मग मुठीच्या तळाचा मोटरचा स्क्रू पाव-पाव वळण फिरवत जायचे. किंकाळी किंवा घरघर म्हणजे मोटर फार लांब किंवा फार जवळ आहे.

पिस्टनचे दात का तुटतात? स्वस्त बंदुकीत पिस्टन ओढणाऱ्या सेक्टर गिअरचा पहिला दात पिस्टनच्या पहिल्या दाताला तिरका आदळतो. सिलिंडर-हेडच्या आतल्या तोंडावर मऊ रबराचा पॅड, सहसा तीनेक मिलिमीटरचा, चिकटवला की पिस्टन मागे सरकतो आणि दात दाताला सपाट लागतो. पॅड लावल्यावर पिस्टनचा दुसरा दात मध्ये येतो, तो कानशीने घासून काढावा. पाऊण तासाचे काम आहे, पण वर्षभराचे पिस्टन वाचवते.

बॅटरीबाबत लेखातील ११.१ व्होल्टची शिफारस मुळीच मानू नये. बंदुकीसोबतची ८.४ व्होल्टची निकेल बॅटरी बदलायची तर ७.४ व्होल्टची लिपो (लिथियम-पॉलिमर) घ्या, ती पूर्ण भरली की ८.४ व्होल्टलाच येते. ११.१ मध्ये पिस्टन पुढे पोहोचण्याआधी गिअर त्याला पुन्हा पकडतो, दात किसले जातात. शिवाय ट्रिगरच्या तांब्याच्या पट्ट्यांवर ठिणगी पडून त्या काळ्या होतात. मॉस्फेट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्विच, बसवले की हा प्रवाह पट्ट्यांऐवजी त्यातून जातो. जोडणी करताना लाल-काळी तार उलटी लागली तर मॉस्फेट गेलाच म्हणून समजा. लिपोचा एक सेल ३ व्होल्टखाली उतरू देऊ नये, साठवताना ३.८ वर ठेवावा, आणि चार्ज होताना घर सोडून जाऊ नये.

छर्रे ०.१२ ग्रॅमचे, जत्रेत मिळतात तसे शिवण असलेले, या बंदुकीत घालणे म्हणजे आपणहून नळीत खडा टाकणे. ते आत फुटतात आणि तुकडे गिअरबॉक्सपर्यंत जातात.

आता कायद्याचे. ब्रिटनमध्ये एअरसॉफ्ट म्हणून बंदूक-कायद्यातून सूट मिळण्याची मर्यादा सलग बार करू शकणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूल, एकेक बार करणाऱ्या बंदुकीला २.५ ज्यूल आहे. ही मर्यादा २०१७ च्या पोलिसिंग अँड क्राइम ॲक्टने घातली. एम १२० च्या १.४४ ज्यूलने सीएम ०२८ ती सरळ ओलांडते, आणि सूट सुटली की ती कायद्याच्या लेखी खेळाची वस्तू उरत नाही. मैदानांवर तर त्याआधीच, सेकंदाला ३५० फूट, म्हणजे १.१४ ज्यूलपाशी, थांबवतात. जपानची मर्यादा प्रति चौरस सेंटिमीटर ३.५ ज्यूल आहे, सहा मिमीच्या छऱ्याला ती ०.९८९ ज्यूल येते. जर्मनीत सलग बार करणारी बंदूक ०.५ ज्यूलच्या आत असायला हवी. म्हणजे कुठेही गेलात तरी पहिली खरेदी क्रोनोग्राफची, स्प्रिंगची नव्हे. ब्रिटनमध्ये स्प्रिंग बदलायचीच असेल तर जुनी थकल्यावर एम १०० घाला. डोळ्यांचा चष्मा पूर्ण बंद कडांचा आणि ईएन १६६ या युरोपीय मानकाच्या धक्का-चाचणीत उतरलेला असावा. साध्या उन्हाच्या चष्म्याने काम भागत नाही. आणि ही बंदूक सुट्टीत भारतात आणण्याच्या फंदात पडू नये. प्रतिकृती विमानाच्या हातसामानात चालत नाही, सुटी लिपो मात्र हातसामानातच न्यावी लागते, आणि हे सगळे विमानतळावरच्या रांगेत समजावत बसण्याची हौस कोणाला असेलसे वाटत नाही.

शेवटी दुरुस्तीची विनंती. लेखासोबतच्या चौकटीत ‘निळा भाग काळ्या स्प्रेने रंगवा, बंदूक खरीखुरी दिसते’ ही युक्ती छापली आहे. ब्रिटनमध्ये मैदानाचे नियमित सदस्य नसलेल्यांना निम्म्याहून अधिक भाग भडक रंगाचा असलेली बंदूकच दुकाने विकतात. २००६ च्या व्हायोलंट क्राइम रिडक्शन ॲक्टखाली तिला रंगवून खऱ्यासारखी करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. खेळाडूंना सूट मिळते ती तृतीयपक्ष (थर्ड पार्टी) विमा असलेल्या संघटित खेळापुरती. लेस्टर किंवा बर्मिंगहॅमच्या वसतिगृहात राहणाऱ्या कुणा विद्यार्थ्याने ती चौकट वाचून स्प्रेची बाटली हाती घेण्याआधी पुढच्या पुरवणीत तेवढे चुकीचे म्हणून छापावे.

आपला,
एक वाचक, स्लाव (इंग्लंड)