टाचणाबाहेरचं पोर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सगळ्या शाळांत एका दिवशी एकच पाठ, ही कालच्या अंकातली बातमी वाचून फार वाईट वाटलं. बातमीत अधिकारी होते, वेळापत्रक होतं. मुलं कुठेच नव्हती.

राजापूर तालुक्यात द्विशिक्षकी शाळेवर मी 31 वर्षं काढली. एका दिवाळीनंतर चिरेखाणीवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर, आलेल्या कानडी कुटुंबातला मुलगा दुसरीत दाखल झाला. मराठीचा गंध नाही. आठवडाभर दप्तर मांडीवरून खाली ठेवलं नाही त्यानं. मग शाळेच्या कुंपणाच्या गडग्यासाठी चिरे उतरवले, तेव्हा एकेकावर बोट ठेवत मोजू लागला: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु... हत्तु झाल्यावर खडा बाजूला ठेवून पुन्हा ओंदु! दशक-एकक याला पक्कं येत होतं, फक्त माझ्या भाषेत नव्हे. पुढचे पंधरा दिवस गणिताचा तास चिऱ्यांवरच. आमची पोरं कानडी आकडे शिकली, तो मराठी.

नेमकी तेव्हाच शाळाभेट झाली. साहेबांनी टाचण, म्हणजे रोजच्या पाठाचं लेखी नियोजन, चाळलं आणि शेरेबुकात लिहिलं, ‘टाचणाप्रमाणे अध्यापन नाही.’ त्या पोराला एक प्रश्न विचारला नाही. मला मात्र लेखी खुलासा द्यावा लागला. तो शेरा अजून खुपतो.

मार्गदर्शन नकोच असं मी म्हणणार नाही. नवीन शिक्षकाला नियोजनाचा मोठा आधार असतो. तिसरीअखेर प्रत्येकाला समजून वाचता यावं, हे केंद्राच्या 2021 च्या ‘निपुण भारत’ मोहिमेचं उद्दिष्टही योग्यच. पण प्रत्येक मुलाची कुवत पाहून त्याला लागेल ते जादा शिकवणं, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच कलम 24 मध्ये शिक्षकाचं कर्तव्य ठरवलंय. खाणीवरचं पोर दिवाळीनंतर येतं, पावसाआधी बिऱ्हाडासोबत जातं. जूनपासूनच्या नियोजनात त्याचा पहिला दिवस कुठल्या पानावर धरायचा? आंबाबागांतल्या नेपाळी राखणदारांच्या मुलांचंही तेच.

आणि ते फोटो! माझी सून शिक्षिका आहे. शिकवणं अर्ध्यावर सोडून उपक्रमाचे फोटो पाठवायला रेंज मिळेपर्यंत वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर जाते. तोवर तीन इयत्ता बाईंविना बसतात.

आपल्या वार्ताहराने दिवाळीनंतर खाणीजवळच्या एखाद्या शाळेत घंटेपासून घंटेपर्यंत बसावं आणि मग बातमी द्यावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, ता. राजापूर