हवा आहे की नाही

लिएज, बेल्जियम

तीर्थरूप अप्पा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर अप्पांनी विचारलं, "त्या ग्रहावर हवा आहे की नाही, एवढं सांगायला तुम्हा लोकांना इतकी वर्षं का लागतात?" तेवढ्यात रेंज गेली आणि उत्तर राहून गेलं. प्रश्न मात्र डोक्यातून जाईना, म्हणून बसून लिहिते आहे. आईलाही वाचून दाखवा.

ज्या ताऱ्यावर आमचं सगळं लक्ष आहे त्याचं नाव ट्रॅपिस्ट-1. इथल्याच विद्यापीठातल्या मिकाएल गियों यांच्या गटाने 2016 मध्ये त्याच्याभोवती तीन ग्रह शोधले, 2017 मध्ये ते सात झाले. पहिला शोध लागला तो चिलीतल्या एका छोट्या दुर्बिणीने. तिचा आरसा 60 सेंटीमीटरचा, म्हणजे आपल्याकडे लग्नाच्या स्वयंपाकाला काढतात त्या परातीएवढा! तारा आपल्यापासून सुमारे 40 प्रकाशवर्षं दूर. आज आम्ही त्याचा जो उजेड मोजतो तो तुमचं लग्न झालं त्या सुमारास तिथून निघाला आहे. आकाराने गुरूपेक्षा जरासाच मोठा, लाल आणि मंद. ग्रह त्याला अगदी खेटून फिरतात. त्यांतला 'ई' नावाचा ग्रह जवळजवळ पृथ्वीएवढा, आणि तिथे पाणी पाण्याच्याच रूपात राहू शकेल इतकी बेताची ऊब त्याला मिळते. त्याचं वर्ष मात्र सहा दिवसांचं.

आता हवा कशी ओळखायची? अप्पा, थंडीत मळ्यात भरीत करतो तेव्हाचं आठवा. बामणोदची वांगी, खाली पऱ्हाट्यांचा जाळ आणि पलीकडे मोटारीच्या खोलीवरचा बल्ब. वारा फिरला की धूर मधे यायचा आणि बल्ब तांबूस दिसायचा. बल्ब तोच, पण त्याच्या उजेडातला निळा भाग धुराने वाटेतच अडवलेला असायचा. ग्रह ताऱ्यासमोरून जातो तेव्हा त्याच्या कडेची हवा, असलीच तर, हेच करते. कार्बन डायऑक्साइड एक रंग खातो, मिथेन दुसरा, पाण्याची वाफ तिसरा. यातले बरेच रंग डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे. जेम्स वेब दुर्बीण पृथ्वीपासून 15 लाख किलोमीटरवर नेऊन ठेवली आहे ती मुख्यतः याच रंगांसाठी.

अवघड आहे ते इथून पुढे. 'ई' समोर आला की ताऱ्याचा उजेड 100 मधला अर्धा भाग कमी होतो. एवढं कळतं. पण त्यातला हवेचा वाटा ताऱ्याच्या एकूण उजेडाच्या दहा हजारांत एक, कधी त्याहून कमी. आणि तारा स्वतः डागाळलेला. त्याच्या अंगावर थंड डाग आहेत, मधूनच भडकेही उडतात.

मागच्या हिवाळ्यात मी अशाच दुसऱ्या एका लाल ताऱ्याची मोजणी सोडवत होते. रात्री अकराला पडद्यावर पाण्याच्या वाफेचा उंचवटा दिसला, बरोबर जिथे असायला हवा तिथे. मला रडू आलं, आई. तुला फोन लावणार होते, पण तुमच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजले होते, म्हणून थांबले. पुढचे तीन आठवडे एकच तपासत राहिले आणि उत्तर आलं की वाफ ताऱ्यावरच्या डागांतली आहे. हे तारे इतके थंड असतात की त्यांच्या डागांत पाण्याची वाफ टिकते. ग्रहाकडे काही नव्हतं. तेव्हा फोन केला नाही हे बरंच झालं, नाहीतर अप्पांनी सगळ्या गावाला सांगितलं असतं.

'ई'चंही तसंच अडलं आहे. वेबने त्याला चार वेळा ताऱ्यासमोरून जाताना पाहिलं, निकाल सप्टेंबर 2025 मध्ये आले. हायड्रोजनची फुगलेली हवा तिथे नाही, हे कळलं. पृथ्वीसारखी नायट्रोजनची हवा असू शकेल, नुसता उघडा खडकही असू शकेल.

सगळ्यात आतला ग्रह 'बी'. तो ताऱ्यामागे जातो तेव्हा एकूण उष्णता किती घटते ते वेबने मोजलं, निकाल 2023 मध्ये आला. दिवसाची बाजू सुमारे 230 अंश निघाली. आपल्याकडे मे महिन्यात 45 अंशाला केळीची पानं करपतात, त्याच्या पाचपट. जाड हवा असती तर तिने ही धग रात्रीच्या बाजूला वाहून नेली असती आणि आकडा खाली आला असता. म्हणजे 'बी' बोडका. हे ऐकून पहिल्यांदा मी हिरमुसले होते. पण आता तोच बोडका ग्रह कामी येतो आहे. 'बी' आणि 'ई' थोड्या वेळाच्या अंतराने ताऱ्यासमोरून जातात असे दिवस निवडायचे. 'बी'च्या वेळी जे रंग कमी-जास्त होतील ते ताऱ्याच्या डागांचे, कारण 'बी'कडे हवाच नाही. तेवढे 'ई'च्या मोजणीतून वजा करायचे. अशी 15 निरीक्षणं ठरली आहेत. मला ही युक्ती फार आवडते.

काकांनी 'जीवसृष्टी सापडली' असा व्हिडिओ पाठवला होता, तो के2-18बी नावाच्या वेगळ्याच ग्रहाचा, 124 प्रकाशवर्षांवरचा. तिथे मिथेन सापडला, ते खरं. आपल्या समुद्रातले सूक्ष्म जीव जो वायू सोडतात त्याचा माग लागल्याचं 2025 मध्ये सांगितलं गेलं, पण इतरांनी तीच मोजणी पुन्हा केली तेव्हा तो दावा टिकला नाही. काकांना नीट समजावून सांगा, त्यांना वाईट वाटू देऊ नका.

तर अप्पा, इतकी वर्षं लागतात ती उजेडातून ताऱ्याचा वाटा वेगळा करायला. चुकीचं 'आहे' सांगण्यापेक्षा मला ती वर्षं परवडतात.

आखाजीला येता येणार नाही, निंबावरचा झोका यंदाही ताईच्या पोरींनाच. केळीच्या कांदेबागेला वाऱ्याचा फटका बसला का ते कळवा, पश्चिमेच्या बांधावर गजराज गवत लावलं का तेही. डिसेंबरात तीन आठवड्यांची रजा मिळाली आहे. पऱ्हाट्या सगळ्या चुलीत घालू नका, एक भारा माझ्यासाठी राखून ठेवा. आई, कळण्याचं पीठ तेव्हाच ताजं दळू, आता पाठवू नकोस.

तुमची,
बेबी