ती सात गाणी नव्हेत!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकी गायक-गीतकार पॉल सायमन यांच्यावरचा लेख वाचला. सोलापूरच्या वाचकांना झेपेल की नाही याची चिंता न करता अर्धे पान दिलेत, त्याबद्दल आधी आभार मानतो. पुढे तशी संधी मिळेलसे वाटत नाही.

'सेव्हन साम्स' या त्यांच्या एकल अल्बमला आपल्या समीक्षकांनी गाणेवार तारे वाटले आहेत. पहिल्याला चार, तिसऱ्याला दोन, आणि पाचवे म्हणे 'नाही ऐकले तरी चालेल'. प्रश्न एवढाच, की तिसरे गाणे त्यांनी वेगळे लावले कसे? ॲपवर हा अल्बम उघडला की एकच ट्रॅक दिसतो, ३३ मिनिटांचा. सात भागांना नावे आहेत, पण नावापुढे दाबायला बटण नाही. तुकडे न करता सलग ऐकावे, म्हणून सायमन यांनी मुद्दामच ते तसे ठेवले. तेव्हा समीक्षकांनी नुसती यादी वाचून गुण दिले, असा संशय घ्यायला जागा आहे. अख्ख्या चादरीचे सात रुमाल फाडायचे आणि वर 'तिसऱ्याची वीण जरा विरळ आहे' म्हणायचे, असा हा प्रकार. निदान आपल्या गावात तरी चादरीचे असे हाल करू नयेत.

फाडल्यावर जाते काय तेही सांगतो. 'द लॉर्ड' हा पहिला भाग पुढे मधूनमधून पुन्हा येतो, शब्द बदलून. लेखात याला 'तीच ती चाल, कल्पनादारिद्र्य' म्हटले आहे. अहो, ते पालुपद आहे! कीर्तनात बुवा निरूपण करून फिरून मूळ अभंगाच्या चरणावर येतात, तेव्हा 'हे मघाशी झाले की' म्हणून कोणी चपला शोधायला लागत नाही. शीर्षकाचे 'सात भजने' हे भाषांतरही असेच घाईचे. मराठी बायबल उघडले असते तर 'स्तोत्रसंहिता' हा शब्द तयार सापडला असता. भजनाला टाळकरी लागतात. इथे बराच वेळ एक अकूस्टिक गिटार आणि ऐंशी ओलांडलेल्या माणसाचा आवाज, मध्ये 'व्होसेस एट' या ब्रिटिश वृंदाचे गायन आणि शेवटाकडे पत्नी एडी ब्रिकेल यांची साथ. मोबाइलच्या स्पीकरवर हे लावले तर खालच्या तारांचा भरीव आवाज सगळा गिळला जातो आणि खरोखरच 'रटाळ' वाटते. हेडफोन लावा, आणि दोन्ही कानांना. एकच कानात घातला तर दुसऱ्या बाजूचे ध्वनिमुद्रण ऐकूच येत नाही. ज्यांचा एक कान अधू आहे त्यांनी फोनच्या सेटिंगमध्ये 'मोनो ऑडिओ' चालू करावे, दोन्ही बाजू एका कानात येतात. थांबा घ्यायचाच तर तो एलपीवर. एका बाजूला साधारण २०-२२ मिनिटेच नीट बसतात, त्यामुळे तिथे तबकडी उलटण्याला इलाज नाही.

अधू कानाचा विषय निघालाच आहे, तर 'बहिरेपणामुळे मंचाला कायमचा रामराम' या चौकटीबद्दल. हे काम चालू असताना सायमन यांच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती बरीच गेली, हे खरे. निरोपाचा दौरा मात्र त्याच्याही आधीचा, २०१८ चा. आणि २०२५ मध्ये ते पुन्हा दौऱ्यावर निघाले, मैफलीच्या पहिल्या अर्ध्यात हीच सात स्तोत्रे ओळीने, पूर्ण. चौकट लिहिणाऱ्याने तारखा तरी बघायच्या.

जुन्या कारकिर्दीचा परिच्छेद तर विचारू नका. 'द साउंड ऑफ सायलेन्स'मध्ये 'काळाची पावले ओळखून सायमन यांनी इलेक्ट्रिक गिटार आणली' म्हणे! सायमन आणि त्यांचे तेव्हाचे जोडीदार गायक आर्ट गार्फंकेल यांच्या १९६४ च्या पहिल्या अल्बममध्ये हे गाणे फक्त साध्या गिटारच्या साथीवर होते आणि अल्बम साफ पडला. सायमन युरोपात निघून गेले. मागे निर्माता टॉम विल्सन याने १५ जून १९६५ रोजी त्याच मुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बास आणि ड्रम चढवले, तेही दोघा गायकांना न विचारता. मूळ मुद्रणाची लय एकसारखी नव्हती, त्यामुळे वादकांना ती सांभाळताना नाकी नऊ आले. गायकाच्या मागे मागे ठेका कसा ओढावा लागतो, हे कुठल्याही तबलजीला विचारा. १ जानेवारी १९६६ ला हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होते. पावले ओळखली ती विल्सनने. त्याचे लेखात नावही नाही.

नावे गाळायची ही खोड सायमन यांच्या 'ग्रेसलँड' या अल्बमपाशी आणखी खुपते. 'आफ्रिकेचे संगीत शोधून काढले' म्हणजे काय? ते काय हरवले होते? १९८५ मध्ये जोहान्सबर्गला जाऊन आधी तिथल्या वादकांचे ठेके मुद्रित केले, शब्द मागाहून बसवले. 'द बॉय इन द बबल'वर फोरेरे मोत्लोहेलोआ आणि 'होमलेस'वर जोसेफ शबालाला यांची सहरचनाकार म्हणून नावे आहेत. 'यू कॅन कॉल मी अल'मधला बासचा छोटा तुकडा बकिथी कुमालो यांचा. त्याचा पूर्वार्ध त्यांनी वाजवला, उत्तरार्ध म्हणजे तीच टेप उलटी फिरवलेली. उलट्या टेपमध्ये तार छेडल्याचा ठोका स्वराच्या सुरुवातीला न येता शेवटी येतो. कान देऊन ऐका, लगेच कळते. पुरवणीत मात्र या सगळ्याचे श्रेय 'सायमन यांची जादू'!

बरे, एकल अल्बमच्या लेखाला फोटो दोघांचा, आणि 'सायमन' असे लिहून बाण दाखवला आहे तो गार्फंकेलकडे. उंच, कुरळ्या केसांचा तो गार्फंकेल. बुटका, गिटारवाला तो सायमन.

शेवटी 'स्वतः लिहून स्वतः गाणारे आपल्याकडे निपजले नाहीत' असा शेरा. तमाशाच्या फडासाठी लावण्या रचणारे राम जोशी सोलापूरचे. 'कलश' आणि 'धरतीमाता' लिहिणारे शाहीर अमर शेख बार्शीचे. जिल्हा आवृत्तीत तरी हे वाक्य कापायला हवे होते. पण कात्री चालली ती भलतीकडेच. लेखाच्या तळाशी 'पान ४ वर' छापले आहे आणि आमच्या पुरवणीच्या पान ४ वर बिगरशेती भूखंडांची पानभर जाहिरात आहे. उरलेला मजकूर पुणे आवृत्तीत आला असल्यास कात्रण पाठवावे, म्हणजे उरलेले पत्रही लिहिता येईल.

आपला,
एक वर्गणीदार वाचक
जुळे सोलापूर